चांदीला दिलेली शीळ

मार्गशीर्षातली संध्याकाळ सणसरच्या बाजूला आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना. साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस-गोड दर्प, तोडून मोकळ्या झालेल्या कुणाच्या तरी फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर, कालव्याच्या कडेने चढत येणारा ओल्या मातीचा गारवा, आणि या साऱ्यांच्या तळाशी बास गिटारसारखा संथ, अखंड घुमत राहणारा गोठ्याचा उबदार वास. उमेदीची सगळी वर्षे ज्याने पुण्यातल्या कोंदट तळघरांत, तापलेल्या अँप्लिफायरच्या वासात घालवली, त्या माणसाला आता ओल्या आणि वाळल्या वैरणीच्या गंधातले बारकावे कळू लागले आहेत. ही प्रगती म्हणावी की अधोगती, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाने बरेच निकाल राखून ठेवावेत असे माझे मत आहे, कारण आजवर लागलेले बहुतेक माझ्या विरुद्ध गेले आहेत.

आमचा एक रॉक बँड होता. मी गिटार वाजवत असे आणि गातही असे. निदान ज्याला मी गाणे म्हणे ते करत असे. मृत्यूवर आणि विरहावर इंग्रजीत लांबलचक गाणी लिहीत असे, आणि गंमत अशी की तोवर एकही मृत्यू मी जवळून पाहिला नव्हता, आणि जिचा विरह व्हावा अशी कुणी भेटलीही नव्हती. दुसऱ्याची गाणी वाजवायची नाहीत, हा आमचा बाणा. त्यामुळे आम्हाला फार थोड्या लोकांनी बोलावले आणि त्याहून थोड्यांनी पुन्हा बोलावले. पुढे खांद्यावर रुळणाऱ्या केसांनी मला सोडले, त्यांच्या मागोमाग ड्रमरने. तो परदेशी गेला, बास वाजवणारा विमा विकू लागला, आणि मी जन्मगावी, बारामतीला परतून एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर गिटारचा क्लास काढला. तिथे शिकणाऱ्या पोरांच्या गिटारींवर कायम ज्वारीच्या पिठाची पांढरी साय असायची. खालच्या गिरणीचा पट्टा हा माझ्या आयुष्यातला शेवटचा ड्रमर, आणि ताल कधीही न चुकवणारा असा तो एकटाच.

त्या काळात एकदा कन्हेरीच्या एका लग्नात वरातीपुढे वाजवायचे आमंत्रण आले. नाचण्याजोगे काहीतरी वाजवा, असे त्यांनी आर्जवाने सांगितले होते. मी बाण्याला जागून माझेच एक गाणे सुरू केले. वऱ्हाडी मंडळी मुंडावळ्या बांधल्यासारखी निश्चल उभी राहिली. नवरदेवाची घोडी तेवढी मनापासून हलली आणि नवरदेवासकट थेट उसात शिरली. त्यानंतर मला कुणी कुठे वाजवायला बोलावले नाही.

अशा माणसाचे लग्न ठरले ते इंदापूरच्या माझ्या आत्यामुळे. वैशाली सणसरची, तिचा नवरा दत्ता सकाळी डेअरीला दूध घालायला म्हणून मोटारसायकलवरून गेला तो, वाटेत अपघात होऊन, परतलाच नाही, त्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. मागे राहिली होती एक मुलगी, दत्ताची म्हातारी आई, दोन गायी आणि थोडा ऊस. या म्हातारीने, जिला सगळे आक्का म्हणतात, स्वतःच सुनेसाठी स्थळ बघायला घेतले आणि एकच अट घातली. “लेक गेला, आता सूनबी कशाला घालवू,” ती आत्याला म्हणाली, “जो कुणी यील त्यानं हितं यावं.” तेव्हा लोकांच्या मुली नांदायला जातात तसा मी, एक ट्रंक आणि एक गिटार घेऊन, एका गेलेल्या माणसाच्या घरी नांदायला गेलो. त्याच्या खुंटीवर माझा सदरा आला, त्याच्या पाटावर मी जेवायला बसू लागलो. त्याचा फोटो बैठकीच्या भिंतीवरून माझ्याकडे बघे. तो माझ्याहून तरुण होता, आणि त्याचे केस दाट होते.

वैशालीने मला सांभाळून घेतले. दोघेही अशा वयाचे होतो की एकमेकांकडून चमत्कारांची अपेक्षा नव्हती; चहा वेळेवर मिळावा आणि रागाने बोललेले सकाळपर्यंत विसरावे, एवढ्यावर आमचे छान जमले. आक्का मला ‘पाव्हणं’ म्हणे. त्यात आदर होता, माया होती, आणि पाहुणा कधीतरी उठून जातो ही जाणीवही होती. प्रश्न होता तो समृद्धीचा. अकरा वर्षांची, बापासारख्याच जाड भुवयांची ही मुलगी मला काहीही म्हणत नसे. पप्पा म्हणणे तर शक्यच नव्हते, पण काका नाही, अहो नाही, तुम्ही नाही. “जेवायला बोलवलंय,” ती दाराच्या चौकटीला सांगे. “गाडीची चावी मागितलीय,” हे कपाटाला. तिच्या वाक्यांत निरोप असे, निरोप देणारी असे, पण ज्याला द्यायचा तो माणूस त्यांत नसे. मला त्या घरात फार मोठे काही नको होते. तिच्या एखाद्या वाक्यात आपण असावे, एवढेच माझे मागणे होते, आणि ते कुणाजवळ मागावे हे मला कळत नव्हते.

दिवाळी होऊन गेल्यावर वैशाली गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर लागले. धारा काढणे माझ्याकडे आले. दोन गायींपैकी एक स्वभावाने इतकी उदार होती की तिच्याखाली कुणीही बसावे. तिला मी मनातल्या मनात माझी एकमेव रसिक श्रोती म्हणत असे. दुसरी चांदी. काळ्या अंगावर कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा असलेली, लांब पापण्यांची, मानी. दत्ताने तिला वासरापासून वाढवली होती. तो गेल्यावर महिनाभर तिने वैशालीलाही दाद दिली नव्हती, मग हळूहळू तिला स्वीकारले. मी खाली बसलो की ती मागे वळून एकदा बघे, उसासा टाके आणि पान्हा चोरे. कास टम्म भरलेली, पण सडातून चार थेंबांपलीकडे काही नाही. कोमट पाण्याने कास धुऊन झाली, पेंड वाढवून झाली, वासरू लावून झाले. मी तिला माझ्या तरुणपणातले एक संथ गाणे ऐकवले, तेव्हा तिने शांतपणे पाय उचलून बादलीत ठेवला. गळ्यात अडकवलेला हात सावरत वैशाली दारातून बघत होती. “अहो,” ती म्हणाली, “धार काढताय का तारा लावताय?” आक्काने माझी बाजू घेतली. “बोटं चांगली हायती पाव्हण्यांची. पर जनावराला वळख लागती.”

ती ओळख कुठून आणायची याचे उत्तर ज्या दिशेने आले, तिकडून मी काहीच अपेक्षिले नव्हते. एका दुपारी मी कालव्याच्या कडेला घास कापत होतो, तर समृद्धी येऊन बांधावर उभी राहिली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, “पप्पा शीळ घालायचे. तिची धार काढताना.”

“कसली शीळ?”

“त्यांचीच होती. कुठल्या गाण्याची न्हाय.”

“मग तू का नाही घालत?”

“मुलींनी घालायची नसती,” ती म्हणाली. “आक्का वरडती.” मग दोन्हीकडे नीट पाहून, उसाच्या आडोशाला होऊन तिने ओठांचा चंबू केला.

मी जन्मभर आवाजाच्या मागे धावलो, आणि मला मिळालेला सर्वांत सुंदर आवाज हा असा, घासाच्या भाऱ्यावर बसून, बिनतिकिटाचा ऐकायला मिळाला. चार छोट्या वळणांची ती शीळ होती. पहिल्या वळणावर सूर तीन पायऱ्या चढून थबके, दुसऱ्यावर त्याच पायऱ्या जरा रेंगाळत उतरे, तिसऱ्यावर मध्येच एक भोक पडे, जणू त्या जागी सुरातून नुसती हवा निसटत आहे, आणि चौथे वळण वर जाऊन उंचावर तसेच राहून जाई. ते भोक कशाचे, असे मी विचारले. लहानपणी विहिरीत सूर मारताना दत्ताचा पुढचा दात अर्धा तुटला होता. शिळेतला तो सूर आला की तिथून वारा जायचा. मुलीचे सगळे दात शाबूत होते. तरी तिने ते भोक जिभेने, मोठ्या कष्टाने, जसेच्या तसे जपले होते. माझ्या ओठांवर बसेपर्यंत तिने ती शीळ पुन्हापुन्हा घालून दाखवली, आणि उठताना अट घातली, अर्थात कालव्याला: “आक्का घरी असताना घालायची न्हाय.”

आक्का रोज दिवेलागणीच्या आधी मारुतीच्या देवळात हरिपाठाला जाई. ती वाटेला लागली की मी बादली घेऊन गोठ्यात शिरे. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत शीळ घातली. चांदीचे रवंथ करणे थांबले, कान मागे फिरले, आणि मग तिच्या अंगातून एक लहर उतरताना मला कपाळाने जाणवली, कारण माझे कपाळ तिच्या कुशीला टेकलेले होते. सडांत एकाएकी भार आला. बादलीच्या पत्र्यावर पहिली धार वाजली, आणि मग दुधात दूध पडण्याचा तो दाट, फेसाळ, थोडा खर्जातला आवाज. ज्या टाळीसाठी मी पाव शतक वणवण केली ती अशी एका गायीने द्यावी, आणि तीही दुसऱ्याच्या चालीला, यावर हसावे की रडावे ते कळेना. दोन्ही थोडे थोडे केले. दूध सांडू दिले नाही.

इथवर सगळे ठीक होते. पण शहाणपणाने मिळालेले यश पचवणे माझ्या प्रकृतीत नाही. शीळ ‘येणे’ मला पुरेना. कलावंताचा किडा वळवळू लागला. सकाळी क्लासला जाताना मोटारसायकलवर मी तिचा सराव करू लागलो, तिसऱ्या वळणावरचे ते भोक किती रुंद, त्यातून वारा आधी जातो की सूर आधी तुटतो, यावर बारामतीपर्यंत विचार करू लागलो. वर गोठ्याच्या पत्र्याला सुंदर घुमारा होता. आवाज जरा मोकळा सोडला की तो पत्र्याला लागून असा काही फिरे की मलाच माझ्यावर फिदा व्हायला होई. मुलीने मला ती शीळ एका कामापुरती दिली होती. मी तिची मैफल करून टाकली.

एका संध्याकाळी आक्का चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली. मला त्याचा पत्ता नव्हता. गोठ्यात अजून दिवा लावला नव्हता, बाहेर धुराचा निळसर पडदा उतरला होता, आणि मी डोळे मिटून, चांदीच्या कुशीला डोके टेकवून, पूर्ण भरात होतो. तिसरे वळण घेतले, भोक अगदी जिथल्या तिथे पडले, आणि त्याच क्षणी दारातून आवाज आला. रडवेला नाही, दचकलेला नाही; रोजच्या कामातला, किंचित वैतागलेला, एखाद्या आईचा साधा आवाज.

“दत्तू, तिन्हीसांजंला शीळ घालू नगं म्हणून किती बारी सांगायचं रं तुला. आन् दिवा तरी लाव की.”

मी तिथेच थांबायला हवे होते. पण वाजवणाऱ्याचे अंग मध्येच तोडायला शिकलेले नसते. ओठ आपल्या गतीने पुढे गेले आणि चौथे वळण पूर्ण करूनच थांबले. दारातल्या त्या काळ्या आकृतीने चौकट धरली.

“पाव्हणं हायती व्हय,” आक्का म्हणाली, आणि चष्मा न घेताच आत निघून गेली. चांदीने दूध वर ओढून घेतले होते.

थोड्या वेळाने समृद्धी आली. तिने आधी दिवा लावला. मग माझ्यासमोर येऊन, प्रथमच सरळ माझ्या डोळ्यांत बघून, स्पष्ट आवाजात ती म्हणाली, “मी ती तुमाला दिली नव्हती. चांदीला दिली होती.”

ज्या वाक्यात असावे म्हणून मी इतके दिवस झुरलो होतो, ते वाक्य मला असे मिळाले.

मी शीळ बंद केली. चांदीने पान्हा पुन्हा चोरला. दुसऱ्या दिवशी कास ताठरली, तिसऱ्या दिवशी हात लावू देईना, आणि दगडी, म्हणजे कास सुजून दूध नासण्याचा रोग, होण्याच्या भीतीने वैशाली डाव्याच हाताने पिळायला बसू लागली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि बोलणाऱ्या बायकोपेक्षा न बोलणारी किती जड असते ते मला त्या दिवसांत कळले. आक्का जेवायला वाढत होती, ‘पाव्हणं, भाकरी घ्या’ म्हणत होती, पण हरिपाठाला जाईनाशी झाली होती. मी मनाशी ठरवले की प्लास्टर निघेपर्यंत धारांसाठी कुणीतरी माणूस बघावा आणि आपण काही दिवस गिरणीच्या माडीवर राहायला जावे. पाहुण्याला निघण्याची वेळ कळली पाहिजे. त्या रात्रीच्या जेवणात मीठ कमी होते की माझ्या जिभेला चव नव्हती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी गोठ्यात नुसताच बसलो होतो, तेव्हा आक्का आली. गव्हाणीच्या कठड्यावर टेकली, चांदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“शीळ का बंद केली, पाव्हणं?”

मी पायाखालची वैरण गोळा करू लागलो.

“तुमच्या लाजंपायी गाईला दगडी हुईल,” ती म्हणाली. “त्या दिशी मला वाटलं, दत्तूच हाय. वाटंवरनं ऐकत आले. पाय कवा उचलले आन् कवा टाकले, मला ठावं न्हाय. तुमी हुबेहूब घालता.”

इतकी खरी दाद मला कुणी दिली नव्हती, आणि ती घेताना माझी मान वर होत नव्हती.

“पर शेवटाला कळलं,” ती पुढे म्हणाली. “शेवटची वळ दत्तूची न्हाय.”

मी तिच्याकडे बघितले.

“दत्तूची खाली यायची. उतरून निजल्यावानी. ही वर जाती. ही पोरीची हाय. लहान हुती की ती, इसरली आसंल. इसरली तितं आपलं काहीतरी लावलं.” चांदीच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला. “तिला सांगू नगा. तिला वाटतंय समदं ध्यानात हाय.”

मी विचारले, “तुम्हाला येते ना, आक्का, ती खरी ओळ? मला सांगाल का?”

“यील की. पर बायमाणसानं आता ह्या वयात शीळ घालायची व्हय?” ती किंचित हसली. मग हसू मावळले. “ऱ्हाऊ द्या ती माझ्यापाशी. तुमी पोरीची घाला.”

मी माडीवर राहायला गेलो नाही. त्याच संध्याकाळी बादली घेऊन बसलो. आक्का हरिपाठाला गेली नाही. गोठ्याच्या दाराशी बाज टाकून, मांडीवर हात ठेवून बसली. माझी शीळ सुरू झाली तशी समृद्धी धावत बाहेर आली, बहुधा मला थांबवायलाच, आणि आजीला तिथे बसलेली पाहून खांबाला धरून उभी राहिली. आजीने तिला जवळ बोलावले नाही, नुसती हाताने खूण केली, ऐक म्हणून. चांदीने हळूहळू पान्हा सोडला. माझे चौथे वळण झाले, सूर वर जाऊन राहिला, आणि मुलगी खांबापासूनच म्हणाली, “शेवटाला तुमी घाई करताय. पप्पा सावकाश घ्यायचे. हो ना आक्का?”

आक्काने क्षणभर समोरच्या उसाकडे बघितले. “व्हय,” ती म्हणाली. “सावकाशच घ्यायचा.”

आता हे रोजचे झाले आहे. वैशालीचे प्लास्टर सुटले, पण चांदीची धार माझ्याकडेच राहिली. समृद्धी मला अजून काही म्हणत नाही, पण चुका काढते. ‘तुमी’ म्हणून काढते. ती बाजेच्या कडेला बसून वेणी घालून घेते आणि माझ्या शिळेवर बारीक लक्ष ठेवते. आणि आक्का डोळे मिटून ऐकते. इतके कान देऊन मला आयुष्यात कुणी ऐकलेले नाही, आणि मला ठाऊक आहे की ती मला ऐकत नाही. तीन वळणांपुरता मी या घरात नसतो. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने जन्मभर स्वतःचेच वाजवले, हे अवघड जाईल असे मला वाटले होते. जात नाही. अवघड जाते ते चौथे वळण.

ते मी सावकाश घेतो, मुलीला हवे तसे, वर नेतो आणि तिथे ठेवतो. तेव्हा चांदीच्या पोटाखालून मला बाजेवरच्या म्हातारीचा चेहरा दिसतो. ती ओठांचा बारीकसा चंबू करते, आणि ते ओठ आवाज न करता हलतात. माझा सूर वर जात असतो तेव्हा तिचे ओठ सावकाश मिटत खाली येतात. मी डोळे ताणून बघतो. सूर हा माझा जन्मभराचा धंदा. पण ओठांवरून सूर वाचता येत नाही.